डॉक्टरांची चिठ्ठी कुठवर चालते?

कॅलिफोर्नियातल्या मतदारांनी नोव्हेंबर १९९६ मध्ये 'प्रपोझिशन २१५' मंजूर केलं, तेव्हा गांजा आता औषध झाला असा समज पसरला. कायद्याने दिलं होतं ते त्याहून बरंच कमी.

आधी चिठ्ठी पाहू. ती प्रिस्क्रिप्शन नसते. केंद्राच्या १९७० च्या कायद्याने गांजा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वैद्यकीय उपयोग मान्य नसलेल्या पदार्थांत टाकला. असा पदार्थ डॉक्टरला लिहून देता येत नाही, म्हणून तो फक्त 'शिफारस' करतो. शिफारस केली तरी परवाना काढून घेऊ, अशी धमकी केंद्राने देऊन पाहिली. २००२ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने तिला चाप लावला: रुग्णाशी मोकळेपणाने बोलणं हे डॉक्टरचं भाषणस्वातंत्र्य आहे.

पोलीस दारात आले तर? त्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मॉवर खटल्यात सांगितलं की हा कायदा अटकेपासून वाचवत नाही, शिक्षेपासून वाचवतो. मात्र आपण रुग्ण आहोत हे आरोपीने निःसंशय सिद्ध करायची गरज नाही. सरकारच्या आरोपाबद्दल वाजवी शंका निर्माण केली की पुरे. पुढे राज्याने ऐच्छिक ओळखपत्र आणलं. ते खरं असेल आणि नियम पाळलेले असतील, तर अटकही टळते.

हे सगळं राज्यापुरतं. गांजा घेणाऱ्या रुग्ण डायन मॉन्सन यांच्या घरी २००२ मध्ये जे घडलं ते या विसंगतीचं उत्तम उदाहरण आहे. स्थानिक पोलिसांनी पाहणी करून राज्याच्या कायद्यानुसार सगळं रीतसर असल्याचं मान्य केलं. सोबत आलेल्या केंद्राच्या अधिकाऱ्यांशी तीन तास वाद झाला आणि शेवटी त्यांनी मॉन्सन यांची सहाही झाडं नष्ट केली. मॉन्सन आणि आणखी एक रुग्ण एंजल रेच यांचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. २००५ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी निकाल केंद्राच्या बाजूने लागला.

मग केंद्र सरसकट रुग्णांवर खटले का भरत नाही? उत्तर तिजोरीत आहे. राज्यांचे वैद्यकीय गांजाचे कायदे अडवायला न्याय खात्याने पैसा खर्च करू नये, अशी अट काँग्रेसने २०१४ मध्ये खर्चाच्या विधेयकात घातली. नियम काटेकोर पाळणाऱ्याला ती दाखवून खटला रोखता येतो, असं अपील न्यायालयाने २०१६ मध्ये ठरवलं. पण अट मुदतीची असते, खर्चाच्या विधेयकांबरोबर पुन्हा पुन्हा घालावी लागते. रुग्णाचं स्वातंत्र्य अर्थसंकल्पाच्या तळटिपेवर टांगून ठेवणं मला तरी विचित्र वाटतं.

नोकरीत तर बराच काळ काहीच आधार नव्हता. पाठदुखीसाठी गांजा घेणाऱ्या गॅरी रॉस यांना चाचणीत गांजा आढळल्यावर कंपनीने काढलं आणि २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते योग्य ठरवलं. १ जानेवारी २०२४ पासून, कामाच्या वेळेबाहेर घेतलेल्या गांजाचे नशा नसलेले अवशेष लघवीत सापडले एवढ्यावरून बहुतेक मालकांना कारवाई करता येत नाही. बांधकाम व्यवसाय मात्र यातून वगळलेला आहे.

बे एरियातल्या मराठी घरांनी यापुढचा भाग नीट वाचावा. व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व हा केंद्राचा कारभार, तिथे राज्याची चिठ्ठी चालत नाही. नागरिकत्व देणाऱ्या खात्याने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केलं की राज्यात वैध असलेला गांजाही अर्जदाराच्या 'चांगल्या चारित्र्या'च्या आड येऊ शकतो. गुन्हा नोंदलेला नसला, तरी मुलाखतीत दिलेली कबुली पुरते. म्हणून नागरिक नसलेल्या रुग्णाने शिफारस घेण्याआधीच इमिग्रेशन वकिलाला गाठावं, आणि गांजाचं कार्ड पाकिटात ठेवून विमानतळावर जाऊ नये.