मलायातले सत्तर दिवस (११) : मोजायला थांबतो कोण?

सिंगापूरला जोडणारा जोहोरचा पूल आज या मालिकेत उडायचा होता. तो आणखी आठवडाभर उभा राहू दे. साताऱ्याहून एका निवृत्त सुभेदारसाहेबांचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेवून पुढे लिहायला माझा हात धजेना. ते विचारतात : "पर्सिव्हलसाहेब लाखभर फौज घेऊन बसले होते आणि समोर यामाशिता तीसेक हजारांनिशी, असं तुम्ही लिहिता. मग गस्ती पथकं काय करत होती? दोन महिने ज्याच्याशी लढताय तो किती आहे, एवढंही कळू नये?"

फौजी माणसाचा प्रश्न आहे, दुखऱ्या जागीच बोट ठेवतो. शिवाय ही गफलत मलायातले ब्रिटिश सेनापती पर्सिव्हल यांची एकट्याची नव्हती. १० फेब्रुवारी १९४२ ला पंतप्रधान चर्चिलनी पूर्वेकडचे सरसेनापती वेव्हेलना जी तार केली ती पाहा. एवढी मोठी फौज हाताशी असताना सिंगापूर पडतंच कसं, असा त्या तारेचा सूर. पण त्याच तारेत जपान्यांच्या पाच डिव्हिजन पुढे आणि सहावी वाटेवर असल्याचं चर्चिल लिहून जातात. जपानी सेनापती यामाशिताच्या पंचविसाव्या आर्मीत डिव्हिजन होत्या तीन : पाचवी, अठरावी आणि इंपीरियल गार्ड्‌स. आणखी एक मिळत होती, ती त्यानेच नको म्हटली. लढाई संपायला पाच दिवस उरलेत आणि लंडनच्या हिशेबात शत्रू दुप्पट आहे!

ही दुप्पट कुठून आली, ते शोधायला पहिल्याच दिवशी जाऊ. जपानी कोटा भारूच्या किनाऱ्यावर उतरले ते चौथ्या भागात सांगून झालंय, पण तिथल्या विमानतळाची गोष्ट मी जाणूनबुजून राखून ठेवली होती. ८ डिसेंबरची दुपार. किनाऱ्यावर डोग्रा पलटण अजून झुंजतेय, विमानतळ तिथून दोन-अडीच किलोमीटरवर. अधूनमधून एखादी चुकार गोळी धावपट्टीवरून सणसणत जाते. चारच्या सुमाराला बातमी पसरली : जपानी कुंपणापाशी आले. कुणाच्या तोंडून निघाली कोण जाणे, पण थोड्याच वेळात इमारतींना आगी लागल्या, जमिनीवरचे कर्मचारी लॉऱ्यांत चढले आणि निघून गेले. तिथल्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर की (Key) आणि विमानतळाचे प्रमुख स्वतः कुंपणापर्यंत बघायला गेले. तिथे जपानी किती? एकही नाही. पण आता मागे विमानतळ चालवायलाही कुणी उरलं नव्हतं. धावपट्ट्या शाबूत, पेट्रोल शाबूत, बॉम्ब शाबूत. रात्री जपानी खरोखरच आले आणि हे सगळं त्यांना आयतं मिळालं.

आता गस्तीकडे येऊ. शत्रू मोजायच्या रीती ठरलेल्या आहेत. विमानातून घेतलेले फोटो, पकडलेला कैदी आणि त्याच्या खिशातले कागद, वायरलेसवर लावलेला कान, आणि सगळ्यात जुनी रीत म्हणजे झाडीत दडून रस्त्यावरून जाणारी माणसं मोजणं. उत्तर मलायातले विमानतळ पहिल्या आठवड्यातच गेले, त्यांच्याबरोबर वरून बघणारे डोळे गेले. माघार घेणाऱ्याला कैदी मिळत नाहीत, कारण रण ज्याच्या ताब्यात राहतं त्याच्याच हाती जखमी आणि कागद लागतात. चुकून कागद सापडले तरी जपानी वाचू शकणारे अधिकारी फार थोडे. उरली गस्त. सुभेदारसाहेब, गस्त पक्क्या मोर्चातून निघते आणि पक्क्या मोर्चात परत येते, हे तुम्हाला मी काय सांगणार? अकराव्या इंडियन डिव्हिजनच्या पलटणी दिवसा खंदक खणत होत्या आणि रात्री ते सोडून लॉऱ्यांत बसत होत्या. गस्त परत येईपर्यंत आपली पलटण जागेवर असेल, याचीच खात्री नव्हती.

त्यात जपान्यांची लढायची तऱ्हा अशी, की थोड्यांचे पुष्कळ दिसावेत. मलायाच्या पश्चिम अंगाला एकच हमरस्ता, आणि ब्रिटिश फौजेची सगळी वाहनं त्याला बांधलेली. जपानी तुकडी समोरून गोळीबार करून खिळवून ठेवायची आणि एखाददुसरी कंपनी रबराच्या मळ्यांतून वळसा घालून मागे रस्ता अडवायची. रबराच्या मळ्यात भरदुपारीही अंधारून आल्यासारखं असतं, पन्नास पावलांपलीकडचा माणूस झाडांच्या रांगांत हरवतो. समोर गोळीबार, मागे गोळीबार, डावीकडून फटाक्यांच्या माळा (हो, खरेच फटाके, लक्ष तिकडे वळावं म्हणून). खंदकातल्या जवानाने काय धरून चालावं? पुढे एक पलटण, मागे एक, डावीकडे एक. हा अंदाज कंपनीकडून पलटणीकडे, पलटणीकडून ब्रिगेडकडे, तिथून डिव्हिजन, कोअर आणि सिंगापूर असा चढत जाई. वाटेत तो कमी करायची हिंमत कुणाची होणार? जास्त सांगून चुकला तर फार तर हसं होतं. कमी सांगून चुकला तर माणसं मरतात.

सायकलींबद्दल मागच्या आठवड्यात ओझरतं लिहिलं होतं, ते आता नीट सांगतो, कारण हा माझा आवडीचा विषय आहे. जपानी पायदळाचा मोठा भाग सायकलींवर होता. मलायाच्या गावोगावी युद्धाआधीपासून जपानी सायकली विकल्या जात होत्या, त्यामुळे सुटे भाग आणि दुरुस्तीची दुकानं वाटेवर तयारच. पण त्या उन्हात डांबरी रस्त्यावर टायर फाटायचे. मग टायर-ट्यूब काढून फेकून द्यायचे आणि नुसत्या लोखंडी रिमांवर चालवायचं. रात्रीच्या शांततेत शेकडो रिमांचा डांबरावरचा तो खडखडाट कान देऊन ऐकणाऱ्याला रणगाड्यांसारखा वाटे, आणि 'टँक आले' म्हणत माणसं जागा सोडत, असं मासानोबू त्सुजीने लिहून ठेवलंय. त्सुजी यामाशिताच्या मुख्यालयातला, मोहिमेचा आराखडा आखणाऱ्यांपैकी एक. माणूस हुशार, क्रूर आणि पक्का बढाईखोर, त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य चिमूटभर मीठ लावूनच घ्यावं. पण हे मला खरं वाटतं, कारण खरे रणगाडेही तितकेच अचानक येत होते. ७ जानेवारीला स्लिम नदीवर तीसच्या आसपास रणगाडे चांदण्या रात्री रस्त्याने सरळ घुसले आणि दोन ब्रिगेडांची फळी फाडून सकाळी नदीवरच्या पुलापाशी उभे राहिले. त्यानंतर कुठल्याही खडखडाटाला सायकल समजायची कुणाची छाती होणार?

हेच सायकलस्वार १४ जानेवारीला गेमासजवळ ऑस्ट्रेलियन कंपनीला कसे दिसले, ते बघा. कंपनी गेमेंचेच्या पुलाजवळ रस्त्याच्या कडेच्या दाट झाडीत दबा धरून बसलेली. हुकूम असा की हलायचं नाही, गोळी झाडायची नाही. दुपारी जपानी आले, पाच-पाच सहा-सहाच्या ओळीत, आपसात गप्पा मारत, बंदुका सायकलींना बांधलेल्या. ऑस्ट्रेलियनांनी दोन-अडीचशे माणसं समोरून जाऊ दिली. मागे आणखी रांग येतेय हे पाहून पूल उडवला आणि मग झोडपायला सुरुवात केली. सगळ्या मोहिमेत जपान्यांना इतक्या शांतपणे मोजलं गेल्याचा हा जवळजवळ एकच प्रसंग, आणि मोजणारे कोण? जे पळत नव्हते ते. (तोफखान्याचा टेलिफोन नेमका पुढे गेलेल्या जपान्यांच्या हाती लागून तुटला आणि तोफांची साथ मिळाली नाही, ही हळहळ वेगळी.)

एक जुनी गोष्ट इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. ख्रिस्तपूर्व ४८१च्या सुमारास ग्रीसवर निघालेल्या झर्क्सिसच्या छावणीत सार्डिसला तीन ग्रीक हेर पकडले गेले. मारायला नेत असताना राजाने त्यांना परत बोलावलं, सगळं पायदळ आणि घोडदळ हिंडवून दाखवलं आणि घरी पाठवून दिलं. आमचा आकडा ऐकूनच तुमची माणसं शरण येतील, हा त्याचा हिशेब. हिरोडोटसने ती फौज नोकरचाकर धरून पन्नास लाखांवर नेऊन ठेवलीय, म्हणजे अफवा पोचायची तिथे पोचलीच. यामाशिताकडे दाखवायला तेवढी माणसं नव्हती, म्हणून त्याने दुसरी वाट धरली. सिंगापूर बेटावर जायला जोहोरची खाडी ओलांडायची पश्चिमेकडून, पण पूर्वेला रात्री दिवे लावलेल्या लॉऱ्या पाठवायच्या आणि दिवे विझवून परत आणायच्या. समोरून बघणाऱ्याला वाटावं, तिकडे फौजांवर फौजा जमताहेत. पर्सिव्हलची नजर आधीच पूर्वेकडे होती.

हेच ब्रिटिश साहेबलोक सहा महिन्यांपूर्वी काय समजत होते? जपानी माणसाला रात्री दिसत नाही, त्यांची विमानं कचकड्याची. चीनमधून तिथल्या हवाईदलाचे अमेरिकन सल्लागार शेनॉल्ट यांनी जपानी झीरो विमानाची माहिती पाठवली होती, ती मलायातल्या वैमानिकांपर्यंत पोचलीच नाही. अतिपूर्वेचे ब्रिटिश सरसेनापती ब्रुक-पॉपम यांना मलायासाठी बफेलो विमानं पुरेशी वाटत होती. डिसेंबर संपेपर्यंत तोच जपानी जंगलात जन्मलेला, मूठभर भातावर आठवडा काढणारा राक्षस झाला. खरं तर या जपान्यांतले कितीतरी जण चीनच्या मोहिमेतून आलेले, आणि जंगल त्यांनाही नवंच होतं. माझ्या मते आधीच्या तुच्छतेनेच नंतरचा आकडा फुगवला. क्षुल्लक माणसाकडून मार खाल्ल्याचं कबूल करण्यापेक्षा तो संख्येने पुष्कळ होता म्हणणं सोपं जातं.

सुभेदारसाहेबांच्या प्रश्नातले दोन्ही आकडेही थोडे तपासायला हवेत, आणि ते माझ्याच लेखांतून गेलेत. तीस हजार हा खाडी ओलांडून लढलेल्या फौजेचा सुमार. मागची पुरवठ्याची, रेल्वेची, विमानदळाची माणसं धरली तर आकडा बराच वाढतो. जिंकलेल्याला मात्र नंतर आपण थोडेच होतो असं सांगायला आवडतं. उत्तर मलायात जित्राला आपल्या पाचशे माणसांनी अख्खी डिव्हिजन उधळली, असं त्सुजी म्हणतो, तेव्हा मागून आलेल्या कुमकेचं नाव तो हळूच घेतो. दुसऱ्या बाजूला पर्सिव्हलची लाखभर फौज. पानिपतच्या बखरी वाचलेल्या मराठी वाचकाला बुणगे वेगळे काढायला सांगावं लागू नये. पर्सिव्हलच्या स्वतःच्या हिशेबाप्रमाणे शेवटी बेटावर ८५,००० माणसं होती, त्यांतली १५,००० कारकुनी, भांडारं, इस्पितळं यांतली. उरलेल्यांत महिन्यापूर्वी भरती झालेली पोरं, बोटीतून उतरून पुरते पंधरा दिवसही न झालेले गोरे शिपाई आणि जित्रापासून न झोपलेल्या पलटणी. चर्चिलच्या तारेत शत्रू वाढला होता, तशी आपली फौजही वाढलेली होती.

१५ फेब्रुवारीच्या संध्याकाळी बुकित तिमाच्या फोर्ड कारखान्यात जपान्यांचे तोफगोळे संपत आले होते आणि यामाशिताला एकच धास्ती : आपण किती थोडे आहोत हे समोरच्याला कळू नये. म्हणून अटींची चर्चा लांबवायला तो तयार नव्हता. हो की नाही, तेवढं बोला. पर्सिव्हलपुढे तेव्हा आकड्यांपेक्षा पाण्याचा प्रश्न मोठा होता. जलाशय जपान्यांच्या ताब्यात, शहरातले नळ फुटलेले आणि दहा लाखांच्या आसपास लोक तहानेलेले. सहा वाजून गेल्यावर सही झाली.

दोन दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर हिंदी कैद्यांना एकत्र आणलं गेलं, सुमारे ४५,००० माणसं. खाडी ओलांडून आलेली यामाशिताची फौज त्यांच्यापेक्षा कमी होती. समोर बोलायला उभ्या राहिलेल्यांत पुढे पहिली आझाद हिंद फौज उभी करणारे कॅप्टन मोहनसिंग होते, जित्राच्या चिखलातून वाट काढून शेवटी जपान्यांच्या हाती लागलेले. त्यांच्यावर एक अख्खा भाग लिहायचा आहे.