बाराशे बीव्हर आणि एक लोकल

शहाड म्हटलं की ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला पाणी आठवतं. उल्हास नदीचं पाणी इथे उचलायचं आणि ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरला पोचवायचं, ही शहाड-टेमघर योजना. त्यासाठी पंप लागतात, वीज लागते, मैलोन्‌मैल पाइप लागतात. बीव्हर मात्र नदी अडवतो ती दातांनी आणि पुढच्या दोन पायांनी. वजन जेमतेम वीस-पंचवीस किलो, आणि कुळ उंदराचं!

आपल्या नद्यांत तो नाही, म्हणून त्याला मराठीत रुळलेलं नावही नाही. पुष्कळांना तो पाणमांजर वाटतो. पण पाणमांजर मासे खातं, तर बीव्हर झाडांच्या साली आणि पाला. त्याच्या जाती दोनच: एक उत्तर अमेरिकेतली, दुसरी युरोप-आशियातली. कॅनडाच्या वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानात बीव्हरांनी पिढ्यान्‌पिढ्या रचलेला बांध सुमारे ७७५ मीटर लांब आहे. बारा डब्यांच्या तीन लोकल एकामागे एक उभ्या करा, तेवढा. तो इतक्या आडरानात आहे, की २००७ साली उपग्रहाच्या चित्रांत दिसेपर्यंत त्याचा कुणाला पत्ता नव्हता.

खरी छाती दडपते ती डोकी मोजताना. गोरे लोक येण्यापूर्वी उत्तर अमेरिकेत ६ कोटी ते ४० कोटी बीव्हर असावेत, असा अंदाज आहे. २०११च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. पुढे युरोपात त्याच्या लोकरीच्या टोप्यांची चटक लागली, १६७०मध्ये फरचा व्यापार करणारी हडसन्स बे कंपनी निघाली, आणि १९००च्या सुमारास उत्तर अमेरिकेत उरले लाखभर.

युरोप-आशियात तर त्याहून भयंकर झालं. अटलांटिकपासून मंगोलियापर्यंतच्या प्रचंड पट्ट्यात उरले फक्त १,२०० च्या आसपास. सकाळी कसाऱ्याहून येणारी लोकल शहाडला थांबते, तेव्हा तिच्यात याहून जास्त माणसं असतात. दोन खंडांतली अख्खी जात एका गाडीत मावली असती!

मग शिकार थांबवली, उरलेले जीव उचलून जुन्या नद्यांत पुन्हा सोडले. स्कॉटलंडला ते २००९मध्ये परतले. आज युरोप-आशियात किमान १५ लाख आहेत. पण जागा चुकली की हाच प्राणी संकट होतो. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला १९४६मध्ये फरसाठी वीसेक बीव्हर सोडले. आता तिथे लाखाच्या वर आहेत, आणि पाण्यात बुडून वठलेल्या झाडांची रानंच्या रानं उभी आहेत.

शहाडहून सरळ रेषेत सुमारे ३,४०० किलोमीटरवर मंगोलियातली बुलगान नदी चीनमध्ये शिरते आणि उलुंगूर होते. आपल्याला सर्वांत जवळचे, मूळ घर न सोडलेले बीव्हर तिथे आहेत. पंधरा लाखांतले ते अवघे काही शे.