दाबाखालचा दगड

परभणी जिल्ह्यातल्या पेडगावच्या शिवारात काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. हा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. याच दख्खनी बेसाल्टात, उत्तरेकडे बुलडाणा जिल्ह्यात, लोणारचे विवर आहे. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. आकाशातून पडलेल्या अशनीने एका क्षणात तिथल्या दगडावर जो दाब टाकला, त्याची नोंद दगडाच्या कणांत अजून सापडते.

१९७३ साली फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी लोणारमधले मॅस्केलिनाइट ‘सायन्स’मध्ये नोंदवले आणि ज्वालामुखीचा जुना तर्क मागे पडला. मॅस्केलिनाइट म्हणजे धक्क्याच्या दाबाने स्फटिकी फेल्डस्पार खनिजाची झालेली काच. सुझन कीफर आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये लोणारच्या दगडांची धक्क्याच्या तीव्रतेनुसार प्रतवारी लावली. मॅस्केलिनाइट साधारण २० ते ४० गिगापास्कलच्या पायरीवर येते. सुमारे ८० च्या पुढे सगळा दगडच वितळतो. एक गिगापास्कल म्हणजे जवळजवळ दहा हजार वातावरणांचा दाब.

दाबाखाली रचना का बदलते, आता त्याचे गणित. ज्या रचनेची गिब्ज मुक्त ऊर्जा सर्वांत कमी, ती स्थिर. या ऊर्जेत अंतर्गत ऊर्जा असते, त्यात दाब आणि आकारमान यांचा गुणाकार मिळवायचा आणि तापमान व एन्ट्रॉपी यांचा वजा करायचा. दाब वाढला की तो गुणाकार वरचढ होतो आणि कमी जागेत मावणारी रचना जिंकते. ग्रॅफाइटची घनता २.२६, हिऱ्याची ३.५१, म्हणून नेहमीच्या तापमानाला सुमारे दीड गिगापास्कलपुढे हिरा स्थिर. कोन आणि शॅम यांच्या १९६५ च्या समीकरणांमुळे यातली अंतर्गत ऊर्जा इलेक्ट्रॉनांपासून थेट काढता येऊ लागली. आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात दाबाखालच्या पदार्थांच्या अभ्यासाची खरी परंपरा उभी राहिली. सिक्का, वोहरा आणि चिदंबरम यांचा १९८२ चा ओमेगा अवस्था या स्फटिकरचनेवरचा प्रदीर्घ आढावा आजही उद्धृत होतो. टायटॅनियम आणि झिर्कोनियम दाबाखाली या अवस्थेत जातात, आणि दाब काढल्यावरही तीत अडकून राहू शकतात. अणुभट्टीत इंधनाच्या नळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या असतात, तेव्हा हा अभ्यास नुसता हौसेचा नव्हता.

पण हे सगळे चहूबाजूंनी सारख्या दाबाचे गणित. प्रत्यक्षात ताणाला दिशा असते. झिर्कोनियमला दाबताना पिळलेही, तर ओमेगा अवस्था बऱ्याच कमी दाबावर दिसू लागते. अशा वेळी एकच मुक्त ऊर्जा लिहिणे अवघड. गिब्जलाही या प्रश्नाची जाणीव होती.

लोणारने त्यात वेळेची अडचण घातली. त्या दाबाला समतोलाचे गणित फेल्डस्पार मोडून दाट खनिजे व्हावीत असे सांगते. अणूंना नव्या जागी बसायला सवडच मिळाली नाही, म्हणून झाली काच. ती वितळून झाली की न वितळता, यावर तज्ज्ञांत वाद आहे. माझ्या मते स्थिरतेच्या नकाशापेक्षा तिथवर पोचण्याची वाट मोजणे हेच आता गणिती प्रतिकृती रचणाऱ्यांचे अवघड काम आहे.

याचा परिणाम लांबवर जातो. कीफरांसारख्या प्रतवारीचा आधार प्रयोगशाळेतले धक्के, आणि ते मायक्रोसेकंदाच्या आसपासचे. विवर पाडणारा धक्का त्याहून बराच जास्त टिकतो. १८६५ साली बिहारमधल्या शेरघाटीला पडलेल्या, मंगळावरच्या मानल्या जाणाऱ्या अशनीतही मॅस्केलिनाइट आहे, किंबहुना ते प्रथम तिथेच ओळखले गेले. त्या ग्रहावरून दगड उडवायला किती दाब लागला, हेही याच पट्टीने वाचले जाते. पट्टी सरकली तर तो आकडाही सरकणार.