रकाना कोणाच्या हाती?

मजुरीचा किंवा जमिनीचा कागद हाती आला, की त्यात काय लिहिले आहे ते आपण पाहतो. ते लिहिण्याचा अधिकार कोणाला होता, हे क्वचितच विचारतो. कागद संगणकात गेल्यापासून हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे.

अकोला-अमरावतीकडील जिनिंगच्या कामगारांत वावरताना हा धडा मला हजेरीपत्रकाने दिला. हजेरी, दर आणि एकूण मजुरी हे तिन्ही रकाने एकाच माणसाच्या हाती असले, आणि मजुराला ते पाहण्याचीही मुभा नसली, तर सहा दिवसांचे पाच केव्हा झाले ते कळत नाही.

संगणकातील नमुन्यालाही हाच न्याय लागू आहे. प्रत्येक रकान्याबद्दल चार गोष्टी वेगवेगळ्या ठरवाव्या लागतात : तो कोणी वाचावा, कोणी भरावा, कोणी दुरुस्त करावा आणि कोणी मंजूर करावा.

आपल्या ओळखीचा दाखला सातबाऱ्याचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 15 ऑगस्ट 1967 पासून अमलात आली. गाव नमुना सात हक्काचा, बारा पिकांचा. हक्क बदलला की तलाठी, म्हणजे आपल्याकडील जुन्या माणसांचा पटवारी, फेरफाराची नोंद लिहितो. संबंधितांना नोटीस जाते. आणि मंडळ अधिकारी ती तपासून प्रमाणित करतो. लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा. पिकाचा रकाना मात्र वर्षानुवर्षे तलाठीच भरीत असे. 15 ऑगस्ट 2021 रोजी राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी मोबाईलवरून, छायाचित्रासह, आपले पीक स्वतः नोंदवू लागला. त्याच शेतकऱ्याला मालकीच्या रकान्याला हात लावता येत नाही. उतारा एकच, पण रकान्यागणिक अधिकार निराळा.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. पडद्यावरून रकाना लपवणे म्हणजे तो राखणे नव्हे. जाणकार माणूस पडद्याला वळसा घालून मजकूर पाठवू शकतो. म्हणून आलेला मजकूर साठवण्यापूर्वी, पाठवणाऱ्याला तो रकाना भरण्याचा अधिकार आहे काय, याची तपासणी मुख्य संगणकावर झालीच पाहिजे. शिवाय कोणी, केव्हा, काय बदलले आणि आधी काय होते, याची नोंद राहिली पाहिजे.

परंतु कुलूप चोख असले म्हणजे न्याय झाला असे नाही. हमीभावाची खरेदी असो वा अतिवृष्टीची भरपाई, पिकाची नोंद विचारली जाते. मोबाईलवरील नोंद खातेदाराच्या नावे होते. पऱ्हाटी मक्त्याने शेत करणाऱ्याने पेरावी, निंदावी, वेचावी. आणि कागदावर त्याने मालकाच्या मर्जीवर राहावे! किल्ली कोणाला द्यायची हे यंत्र ठरवीत नाही, माणसे ठरवतात.

म्हणून कोणताही नमुना पुढे आला की तीन प्रश्न विचारा : माझ्याविषयीचा रकाना मला वाचता येतो काय? चूक झाल्यास हरकत कोठे घ्यावी? आणि बदल करणाऱ्याचे नाव राहते काय? या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत सही करण्याची घाई करू नये.