वऱ्हाडी बोलीतील नित्य वाक्यांचे प्रमाण मराठी भाषांतर

वऱ्हाडी ही अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम व यवतमाळ या भागांत बोलली जाणारी मराठीची प्रमुख बोली आहे. तिच्यातील दैनंदिन वाक्ये प्रमाण मराठीत आणताना शब्द परिचित वाटतात आणि म्हणूनच अर्थ चुकतो.

सर्वांत फसवे क्रियापद ‘राहणे’ हे होय. अकोल्याच्या जठारपेठेत कोणी ‘काय करून राह्यला?’ असे विचारले, तर त्याचा अर्थ ‘काय करत आहेस?’ असा होतो. ‘तो जेवून राह्यला’ या वाक्यावरून पाहुणा जेवण आटोपून मुक्कामी थांबला, असा समज परगावच्या श्रोत्याचा होऊ शकतो; प्रत्यक्षात त्याचे जेवण चालू असते. येथे ‘राह्यला’ केवळ चालू क्रिया दाखवतो.

उच्चारभेदानेही घोटाळा होतो. ‘ळ’च्या जागी अनेकदा ‘य’ येत असल्याने डोळा ‘डोया’ होतो आणि काळा ‘काया’. प्रमाण मराठीत ‘काया’ म्हणजे शरीर! ‘मले’, ‘तुले’ म्हणजे मला, तुला. ‘कायले’ म्हणजे कशाला आणि ‘काहून’ म्हणजे का.

संबोधनांचे भाषांतर अधिक कठीण आहे. ‘काय वं’ म्हणजे ‘काय गं’, हे सोपे. परंतु ‘असं नाही बाप्पा’ यातील ‘बाप्पा’ हा ना देव, ना वडील. तो आश्चर्य, आर्जव किंवा निव्वळ आपुलकी व्यक्त करतो. अशा ठिकाणी ‘अरे बाबा’ चालते, कधी शब्द गाळणेच योग्य ठरते. ‘पोट्टं’ हा शब्द इतरत्र उर्मट वाटतो, पण वऱ्हाडात तो घरच्या मुलालाही सहज लावतात. ‘उद्या येजो’ ही पुढील काळासाठीची सौम्य आज्ञा आहे. ‘उद्या ये’ या भाषांतरात तिचा मऊपणा उरत नाही. ‘उद्या ये हं’ हे त्यातल्या त्यात जवळचे.

जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (1905) वऱ्हाडीची नोंद आहे. या सर्वेक्षणात तुलनेसाठी बायबलमधील उधळ्या पुत्राची एकच गोष्ट निरनिराळ्या बोलींत उतरवून घेतली होती.

शाळेत मात्र ‘मले’ लिहिणाऱ्या मुलाचे वाक्य सरसकट अशुद्ध ठरवले जाते. वस्तुतः ती चूक नसून घरच्या बोलीचा नियम असतो. मुलाला ‘मला’ हे दुसरे रूप शिकवायचे असते.