तारीख कोणी दिली?

तुमचा मुलगा किंवा सून पुण्याच्या हिंजवडीत सॉफ्टवेअरच्या कचेरीत असेल, तर घरात एक प्रश्न हटकून निघत असणार : दिवसभर खुर्चीवर बसून काम, मग रात्रीचे अकरा का वाजतात? आईबापांचा संशय मुलाच्या आळसावर तरी असतो, नाहीतर साहेबाच्या दुष्टपणावर. अशा कामांची वेळापत्रके आखण्यात माझी बरीच वर्षे गेली. माझा संशय असतो तारखेवर.

चकल्यांचेच पाहा ना! किती वेळ लागेल म्हणून विचारले, तर वहिनी सांगतात, ‘दोन तास.’ हे दोन तास नुसत्या तळणाचे. धान्य धुऊन वाळवणे, भाजणे, गिरणीत रांग लावणे, पहिला घाणा बिघडला तर पीठ पुन्हा सारखे करणे, हे हिशेबात नसतेच. (आमच्या घरी हे बोलून दाखवण्याची सोय नाही, ही गोष्ट वेगळी!)

आयबीएम कंपनीने १९६४ साली ‘सिस्टिम ३६०’ हे संगणक जाहीर केले. त्यांच्या कार्यप्रणालीचे प्रचंड काम फ्रेडरिक ब्रुक्स यांच्या देखरेखीखाली चालले, आणि ते चांगलेच लांबले. त्या अनुभवावर ब्रुक्स यांनी १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे पुस्तक लिहिले. त्यांचा हिशेब असा : वेळेचा तिसरा हिस्सा आखणीला, सहावा प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहिण्याला आणि उरलेला अर्धा तपासणीला. म्हणजे तळण अवघे एकषष्ठांश! गिऱ्हाइकाला तारीख मात्र बहुधा तेवढ्यावरूनच दिली जाते.

मग काम रेंगाळले की साहेब माणसे वाढवतात. ब्रुक्स म्हणतात, त्याने ते अधिकच रेंगाळते. नव्यांना शिकवायला जुन्यांचाच वेळ जातो. शिवाय चौघांत बोलणाऱ्यांच्या जोड्या सहा, आठांत अठ्ठावीस!

स्वतःच्या कामाचा अंदाज तरी बरोबर येतो का? १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारले, प्रबंध किती दिवसांत पुरा कराल? सरासरी उत्तर आले ३४. सगळेच बिघडले तर? ४९. प्रत्यक्षात लागले ५५.

म्हणून मी अंदाजापेक्षा जुन्या नोंदवहीवर विसंबतो. काम करणाऱ्यालाच विचारायचे, कामाचे दोन-दोन दिवसांचे तुकडे पाडायचे, गणपती-दिवाळीच्या सुट्या आधीच वजा करायच्या, आणि मागच्या वेळी बोललेले किती व लागलेले किती, ते पडताळायचे.

एका कचेरीत एका मुलीने एका कामाला बारा दिवस सांगितले. तशाच मागच्या तीन कामांना तिला अठरा ते वीस दिवस लागले होते. मी वीस लिहिले. वरून दहा होऊन आले, कारण गिऱ्हाइकाला शब्द आधीच गेलेला! काम संपले एकविसाव्या दिवशी. अकराव्या दिवसापासून रजा मागायला तिला तोंडच उरले नव्हते, आणि त्याच आठवड्यात साताऱ्याला तिच्या धाकट्या भावाचे लग्न होते. हळद तर चुकलीच. ती कार्यालयात पोहोचली तेव्हा अक्षता पडून दुसरी पंगत बसली होती.