पायाच्या शिरा, पुण्याच्या फेऱ्या आणि बिलातला एक शब्द

कापडाचा धंदा हा पायांवरचा धंदा आहे. गिऱ्हाइकापुढे ताग्यामागून तागे उलगडणारा दुकानातील नोकर, कापणीच्या टेबलाशी उभा असलेला मास्तर, भिवंडी-मालेगावात यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी करणारा कारागीर, या सर्वांचा दिवस उभ्यानेच जातो. पोटरीवर निळ्या, वेटोळ्या शिरा उठलेली माणसे आम्ही या धंद्यात वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. पूर्वी त्याकडे कोणी लक्ष देत नसे. आता मात्र आमच्या उत्रोली-भोर भागातूनही लोक शिरा घालविण्यासाठी पुण्याला जाऊ लागले आहेत. कोणाला दुखण्याचा त्रास असतो, तर कोणाला फक्त दिसण्याचा. लग्न ठरलेल्या मुलींच्या घरीही हा विषय निघतो.

पाय चांगले दिसावेत असे वाटण्यात गैर काही नाही. पण हाही एक सौदाच आहे, आणि मोठा आहे. म्हणून व्यापारी बांधवांसमोर व भगिनींसमोर त्याचा हिशेब मांडावा, असे आम्हास वाटले.

माल दोन प्रकारचा

पायातील रक्त वर हृदयाकडे चढविण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. ते खाली घसरू नये म्हणून शिरांमध्ये एकाच बाजूने उघडणाऱ्या झडपा असतात. झडप निकामी झाली की रक्त मागे फिरते, साचते आणि शीर फुगते. तासन् तास उभे राहणे, गरोदरपण, लठ्ठपणा, वाढते वय आणि घराण्यातील वारसा ही त्याची ओळखीची कारणे आहेत.

आता फरक पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल-जांभळ्या बारीक रेषा एक मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात. त्या बहुधा निरुपद्रवी असून प्रश्न दिसण्यापुरताच असतो. तीन मिलिमीटर किंवा त्याहून जाड, दोरीसारख्या उठलेल्या शिरा हा मात्र आजार असू शकतो. १९९४ साली जगभरच्या तज्ज्ञांनी या दुखण्याच्या पायऱ्या ठरविल्या, त्या शून्य ते सहा अशा आहेत. बारीक रेषा पहिल्या पायरीवर, फुगलेली शीर दुसऱ्या, सूज तिसऱ्या, काळवंडलेली व कडक झालेली कातडी चौथ्या, भरलेली जखम पाचव्या आणि उघडी जखम सहाव्या पायरीवर येते.

वरून पाहून मुळातला दोष कळत नाही. त्यासाठी डॉप्लर सोनोग्राफी लागते. रक्त कोणत्या झडपेतून उलटे फिरते ते या तपासणीत दिसते. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत फुगलेल्या शिरांचा इलाज ठरविण्यापूर्वी हीच तपासणी करावी, असे सांगितले आहे. ताग्याची वरची घडी पाहून आपण कधी सौदा करतो काय? मग पायाच्या बाबतीत का करावा?

आमच्या माहितीतील शिवणकाम करणाऱ्या एका भगिनीने शहरातील एका दवाखान्यात सुया टोचून घेतल्या. एकामागून एक चार वेळा पैसे भरले. डॉप्लर कोणी केली नाही. काही महिन्यांत शिरा पुन्हा वर आल्या आणि वर तपकिरी डाग राहिले. दुसरीकडे तपासणी झाली तेव्हा जांघेजवळची मुख्य झडप गळत असल्याचे कळले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी ही गत झाली.

इलाज कोणते

बारीक रेषांसाठी शिरेत औषध टोचतात. शीर आतून चिकटते आणि काही आठवड्यांत विरून जाते. बैठका एकापेक्षा जास्त लागतात. टोचल्या जागी डाग पडू शकतात, ते जायला महिने लागतात. पुढे नव्या रेषाही उमटू शकतात. गरोदरपणात हा इलाज करीत नाहीत. बाळंतपणानंतरही काही महिने थांबावे, कारण पुष्कळ शिरा आपोआप उतरतात.

मुख्य शीर गळत असेल तर लेझरने किंवा रेडिओ लहरींच्या उष्णतेने ती आतून बंद करतात. जागा बधिर करून सुईच्या छिद्रातून हे काम होते आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी चालत घरी जातो. जुनी चिरफाडीची शस्त्रक्रियाही काही ठिकाणी होते. पण हमी कशाचीच नाही. “पुन्हा कधीच होणार नाही” असे कोणी सांगितले तर सावध व्हावे.

बिलातला शब्द

आता धंद्याची गोष्ट. तोच पाय, पण कागदावर “सौंदर्योपचार” लिहिले की हिशेब पालटतो. विमा नियामकाने २०१९ साली ठरविलेल्या नियमांनुसार केवळ रूप बदलण्यासाठी केलेला इलाज विम्यातून वगळता येतो. वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक इलाजाचा भाग असेल तर गोष्ट वेगळी. २०२० साली आलेल्या आरोग्य संजीवनी विम्यात फुगलेल्या शिरांसाठी २४ महिन्यांची प्रतीक्षा आहे. म्हणजे आज पॉलिसी काढून उद्या इलाज, असे होत नाही. जीएसटीतही रुग्णसेवेला सूट आहे, निव्वळ सौंदर्याच्या शस्त्रक्रियेला नाही.

म्हणून डॉप्लरचा अहवाल, डॉक्टरांनी लिहून दिलेली पायरी आणि इलाजाचे कारण हे तीन कागद आधी हातात घ्यावेत आणि विमा कंपनीची मंजुरी लेखी घ्यावी. आजार नसताना आजार लिहून घेणे ही मात्र लबाडी आहे. ती करू नये आणि कोणी सुचविली तर ऐकू नये. ज्यांचा विमा नाही त्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राकडे चौकशी करावी. भोरच्या सरकारी रुग्णालयात आधी दाखवून चिठ्ठी घ्यावी. पुण्यात ससूनचा पर्यायही आहे.

फेऱ्यांचा हिशेब

उत्रोलीहून पुणे सुमारे पन्नास किलोमीटर. भोरहून कापूरहोळ, तेथून महामार्गाने खेड-शिवापूरचा नाका ओलांडून कात्रज. जाहिरातीत “एका दिवसात घरी” असते, पण तपासणीची एक, इलाजाची एक आणि पुन्हा दाखविण्याची एक, अशा निदान तीन फेऱ्या होतात. सुयांच्या बैठका असतील तर आणखी. सोबतच्या माणसाची मजुरी, बंद दुकान आणि गाडीभाडे धरले की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत भगिनींना अर्धे भाडे आहे, तेवढी बचत तपासणीच्या फेरीला जरूर करावी. इलाजाच्या दिवशी मात्र स्वतः गाडी चालवू नये.

दर विचारताना पूर्ण आकडा घ्यावा. त्यात डॉप्लर, औषधे, मोजे, पुढची तपासणी आणि दुसरा पाय धरला आहे काय, हे विचारावे. राज्याच्या २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयाने दरपत्रक दर्शनी भागात लावले पाहिजे, आणि पुरुष डॉक्टर स्त्री रुग्णास तपासत असताना स्त्री हजर असणे हा रुग्णाचा हक्क आहे. पक्के बिल घ्यावे. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच दिला आहे.

मोज्यांबद्दल

हा आमच्या धंद्याचा माल, म्हणून दोन शब्द अधिक. दाब देणारे मोजे घोट्याशी घट्ट आणि वर सैल होत जातात. दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये छापलेला असतो. तो डॉक्टरांनी सांगितलेलाच घ्यावा. माप सकाळी, पायाला सूज नसताना द्यावे. रोजच्या धुण्याने लवचीकपणा जातो, म्हणून साधारण सहा महिन्यांनी जोड बदलावा. मधुमेह किंवा पायाच्या रोहिणीचा आजार असेल तर विचारल्याशिवाय घालू नयेत.

घरी आल्यावर

इलाजानंतर पडून राहू नये, रोज चालावे. एका पायाची पोटरी एकदम सुजून दुखू लागली, किंवा छातीत दुखून दम लागला, तर पुण्याच्या तारखेची वाट पाहू नये. १०८ ला फोन करून जवळचे रुग्णालय गाठावे. फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागले तर आडवे व्हावे, पाय उंच करावा आणि त्या जागी घट्ट दाबून धरावे.

दुकानदार बांधवांना आमचे एक सांगणे आहे. गल्ल्यामागे आपल्याला गादी असते, नोकराला नसते. त्याच्यासाठी एक स्टूल ठेवा आणि तासाभराने चार पावले चालू द्या. लेझरच्या बिलापुढे स्टुलाची किंमत काहीच नाही.